चंबूंवर वाहिलेली फुलं

जन्मभर काय काम केलंत, असं कोणी विचारलं की मी सांगतो, बोकडाचा रस्सा शिजवला. फणसवाडीतल्या भिक्षुकाच्या मुलाच्या तोंडून हे ऐकल्यावर विचारणारा आधी हसतो, मग माझ्या शेंडीकडे बघतो आणि विषय बदलतो. पण यात थट्टा काही नाही. रस्सा मी खरोखरच शिजवला, मणांनी शिजवला. फक्त तो माणसांसाठी नव्हता. तो प्लेगच्या जंतूंसाठी होता, आणि इतकं चोखंदळ गिऱ्हाईक मी पुढे कुठे पाहिलं नाही.

दिवाळी अंकासाठी त्या काळच्या गमती लिहा, असं संपादकांचं म्हणणं पडलं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतो तो सखाराम, आणि त्याची गोष्ट निव्वळ गमतीची नाही.

गेलं शतक सरत आलं होतं. मुंबईत प्लेग शिरला होता आणि दर हिवाळ्यात डोकं वर काढत होता. परळला गिरण्यांच्या अलीकडे एका जुन्या बंगल्यात डॉक्टर बेहरामजींनी लस तयार करण्याचं काम मांडलं होतं. बेहरामजी पारशी, अंगाने गोल, रागाने तापट आणि मनाने लोणी. मी मॅट्रिकला गटांगळ्या खाऊन घरी बसलो होतो. वडिलांच्या एका यजमानाने चिठ्ठी दिली आणि मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुला एका जागी गप बसता येते काय?" मी म्हटलं, येतं. "मग तू आपल्या कामाचा," असं म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं.

काम काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लस म्हणजे मेलेले जंतू. माणसाच्या अंगात मेलेले जंतू टोचले की अंग त्यांची ओळख करून घेतं, आणि मग जिवंत आले तरी फसत नाही. पण मारायला आधी जंतू हवेत, आणि पुष्कळ हवेत. त्यासाठी बोकडाचं मांस औषधात विरघळवून, शिजवून, गाळून, त्याचा असा नितळ रस करायचा की त्यातून पलीकडची अक्षरं वाचता यावीत. हा रस काचेच्या चंबूत भरायचा, तोंडात कापसाचा घट्ट बोळा बसवायचा आणि वाफेत उकळून आतले सगळे भलतेसलते जंतू मारून टाकायचे. मग रसावर शुद्ध तुपाचे थेंब सोडायचे आणि प्लेगचं बी पेरायचं. चंबू अंधाऱ्या खोलीत फळीवर ठेवून द्यायचे आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही. थोड्या दिवसांत प्रत्येक थेंबाखाली बारीक पांढऱ्या पारंब्या लोंबू लागतात. तो प्लेग. चंबूला नुसता धक्का लागला तरी त्या गळून पडतात. म्हणून त्या खोलीत आम्ही देवळाच्या गाभाऱ्यात वावरावं तसे वावरत असू. पारंब्या पुरत्या वाढल्या की चंबू हलवून त्या खाली पाडायच्या, पुन्हा वाढू द्यायच्या, असं कितीदा तरी. शेवटी सगळं गरम करून जंतू मारायचे. या सगळ्याला आठवड्यांमागून आठवडे जात.

कापसाच्या बोळ्याचं महत्त्व इथेच सांगतो. कोरड्या कापसातून हवा जाते पण जंतू अडकतात. तो कापूस ओला झाला की मात्र दार उघडं पडलंच.

तुपाची कथा वेगळीच. बाजारच्या तुपात काय काय असायचं ते बेहरामजींनी भिंगाखाली पाहिलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग माझ्या आईच्या हातचं तूप परळला जाऊ लागलं. आईला मी 'औषधाला लागतं' एवढंच सांगितलं होतं. बोकडाचा वास घेऊन येणाऱ्या मुलाला ती मागच्या नळावर अंघोळ केल्याशिवाय उंबरठा ओलांडू देत नसे. तिला तूप कशावर पडतं हे कळलं तर काय होईल या धास्तीत मी वर्षभर होतो. शेवटी शेजारच्या काकूंनी तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी आई माझ्यासमोर तुपाचं भांडं घेऊन बसली. मला वाटलं, झालं. ती म्हणाली, "गोविंदा, ते जंतू ह्या तुपाला धरून वाढतात ना रे?" मी मान हलवली. "मग मी जरा जास्त कढवत जाईन. कच्चं राहतं कधीकधी." याहून मोठी शाबासकी मला नोकरीत मिळाली नाही.

मुंग्यांचा जाच इतका होता की टेबलांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागत. एकदा त्या छतावरून उतरल्या आणि महिन्याभराचं काम फस्त करून गेल्या. बेहरामजी त्यांच्या रांगेकडे बघत कौतुकाने म्हणाले, "साला, आपल्यापेक्षा ह्यांचा शोध जास्त चालू आहे नी."

आणि माणसं. जंतू बघायला मिळतात असं गिरगावात पसरल्यावर काय काय घेऊन लोक यायचे. आमच्याच वाडीतले एक निवृत्त पंतोजी लोणच्याची बरणी कापडात बांधून परळपर्यंत घेऊन आले. बुरशी आलेली होती. त्यांचा आरोप असा, की सुनेने ओला चमचा घातला, आणि सून म्हणते घातला नाही. भिंगातून बघून निवाडा द्यावा. बेहरामजींनी बरणी उघडली, बुरशीचा तुकडा काचेवर घेतला आणि पंतोजींना भिंगाखाली डोळा लावायला सांगितलं. आत बारीक देठांवर फुलं धरलेली निळसर बाग दिसत होती. पंतोजी कितीतरी वेळ बघत राहिले. "किती सुंदर आहे हो," ते म्हणाले. सुनेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, पण लोणचं मात्र आम्हाला भेट देऊन गेले.

आता सखाराम. मालवणचा, ठेंगणा, भरदार मिशांचा. अंधाऱ्या खोलीची किल्ली त्याच्याकडे. चंबूंवर त्याची इतकी माया, की तो त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचा. पारंब्या धरल्या नाहीत तर म्हणायचा, "रुसली असा ही. दोन दिस कोणी बघू नको तिच्याकडे." त्या चंबूंत प्लेग आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची धाकटी बहीण लालबागच्या चाळीत प्लेगनेच गेली होती. तरीही, की म्हणूनच, तो त्यांना जपायचा.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता शिवडीच्या कोळीवाड्याजवळ उंदीर मरून पडू लागले. उंदीर पडले की मागून माणसं पडणार, हे तोवर सगळ्यांना समजलं होतं. बेहरामजींकडे मासे घालायला हिराबाई नावाची कोळीण यायची. ती त्याच कोळीवाड्यातली. आवाज असा की फाटकात बोलली तर मागच्या खोलीत भिंगावरची काच थरथरायची. बेहरामजींनी तिला पापलेटांच्या घासाघिशीतच टोचून घ्यायचं पटवायला घेतलं. ती ऐकेना.

"डाक्तर, आमचे लोक काय बोलतात, ठाव हाय? तुमचे बाटलीत इख हाय. सरकारला गरिबाला मारून जागा पायजे."

"मी तुला इख देणार? मग मला बोंबील कोण देणार?"

"ते मना समजते. त्यांना कोन समजवनार?"

पण समजावलं तिनेच. घरोघर भांडून तिने एवढं कबूल करून घेतलं, की कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर येतील आणि लोक त्यांचं ऐकून तरी घेतील. टोचून घ्यायचं की नाही ते तेव्हा बघू. तिने वाड्यात आपला शब्द टाकला होता. तो फुकट गेला असता तर पुन्हा तिथे कोणी आम्हाला पाऊल ठेवू दिलं नसतं. आणि उंदीर रोज जवळ जवळ येत होते.

कोळीवाड्यासाठी राखलेले चंबू खोलीत तयार होत आले होते. मध्ये दसरा आला.

खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, शिंपी कात्री पुजतो, गिरणीतला माणूस साचा पुजतो. आम्हीही पुजायचो. रस्सा शिजवायचं पातेलं, वाफेचा बंब, बेहरामजींचं भिंग, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. बेहरामजी स्वतः टोपी घालून उभे राहायचे आणि पेढा खायचे. त्या वर्षी पूजा सखारामकडे होती. आम्ही बाहेर पेढे खात असताना तो अंधाऱ्या खोलीत गेला. खरं हत्यार ते, त्याला विसरून कसं चालेल? त्याने एकेका चंबूला जराही धक्का न लावता, श्वास रोखून, प्रत्येक बोळ्यावर हळदकुंकू वाहून पाण्यात भिजवलेलं झेंडूचं फूल ठेवलं. वरच्या फळीपर्यंत त्याचा हात पोचेना. तिथे त्याने खालूनच नमस्कार केला.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही आलो. फुलं सुकली होती, सखारामने ती गोळा करून समुद्रात सोडली. कोणाला काही कळलं नाही. मग दोन-चार दिवसांनी बेहरामजी खोलीत गेले आणि आतून त्यांचा आवाजच येईना. मी गेलो. खालच्या सगळ्या फळ्यांवरच्या चंबूंत रसावर हिरवी मखमल पसरली होती. बुरशी. ओल्या कापसातून खाली उतरून ती तुपावर सुखाने बसली होती. पारंब्या तिच्याखाली कुजत होत्या. वरची एक फळी तेवढी स्वच्छ.

बोळ्यांवर कुंकवाचे डाग होते. त्यामुळे चौकशीची गरजच उरली नाही.

सखारामला बोलावलं. तो बघतच राहिला. "माका काय म्हायत, साहेबानू," तो म्हणाला. "ह्येच तर आमचा हत्यार. ह्येका फूल नाय घालूचा, तर कोणाक घालूचा?"

बेहरामजींचा चेहरा लाल झाला होता. आता फुटणार असं मला वाटलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अरे सखाराम, आमी पण अग्नीला चंदन देते. पण तिचा नाक दाबून नाय देत." एवढंच. नोकरीवरून काढायचा विषय कोणाच्या तोंडून निघाला नाही. सखारामने त्या दिवसापासून दुपारचा डबा खाणं सोडलं. काढून टाकण्यापेक्षा वाईट शिक्षा त्याने स्वतःच स्वतःला करून घेतली.

वरच्या फळीतून निम्म्या कोळीवाड्याला पुरेल एवढीच लस निघत होती. तारीख पुढे ढकलावी असं मी सुचवलं. बेहरामजी म्हणाले, "तारीख बाईने दिली आहे. ती आपली नाय." आम्ही तिघं ठरल्या दिवशी शिवडीला गेलो.

वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांखाली सगळे जमले होते. चेहरे असे की आम्ही घर पाडायला आलो आहोत. बेहरामजींनी जंतू, अंग, ओळख, सगळं समजावलं. कोणी पापणी हलवली नाही. मग त्यांनी खरं ते सांगून टाकलं, की लस निम्मीच आहे. लगेच कुजबुज सुरू झाली. एक जण उठून म्हणाला, "अर्धी का? बाकीची कोनाला पाजली?"

बेहरामजी सांगू लागले की काही बिघाड झाला. तेवढ्यात मागून सखाराम पुढे आला. त्याला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"बाकीची माझ्यामुळां नासली," तो म्हणाला. "खंडेनवमीक मी बाटल्यांची पूजा केलंय. ओली फुला घातलंय. बुरशी इली. ह्यांचो दोष नाय. जा काय असा ता माझा."

मी डोळे मिटून घेतले. हिराबाईचा शब्द गेला, असंच मला वाटलं.

जाळी विणणारा बाळाकाका म्हणून एक म्हातारा पुढे बसला होता. वाड्यात त्याला मान होता. त्याने सखारामला जवळ बोलावलं. "तुमी त्या बाटल्यांची पूजा करता?"

"दर वर्षी नाय. ह्या वर्षी केलंय."

"फूल वाहिलंस? हलद, कुंकू?"

"होय."

बाळाकाका लोकांकडे वळला. "नारली पुनवेला आमी होडी पूजतो. जे आपल्याला जगवते त्याची पूजा करतो. इखाची पूजा कोन करते?" मग बेहरामजींना म्हणाला, "डाक्तर, आधी दर्यावर जानारे पोर घ्या, आनि लेकरांच्या आया. मी म्हातारा मागून घेन."

बेहरामजींच्या साऱ्या शास्त्राने जे झालं नव्हतं ते एका चुकीच्या पूजेने झालं. पंतोजींची बुरशी, आईचं तूप आणि सखारामचं फूल, या सगळ्यांचा माणसांच्या मनाशी काय संबंध आहे ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण त्या दिवशी लोक बाह्या वर करून रांगेत उभे राहिले. रांग हिराबाईने लावली. कोणी चुळबुळ केली तर त्याच्या पाठीत धपाटा. आपलं नाव तिने दुसऱ्या खेपेत घातलं. "आधी पोरी घ्या. मी काय कुठं पलते?" सगळ्यांनी तिची तारीफ केली. बेहरामजी तर गहिवरले.

दुसरी खेप तयार होईपर्यंत थंडी पडली. सखाराम त्या दिवसांत अंधाऱ्या खोलीच्या दाराशीच बसायचा. आत जाताना तोंडाला फडकं बांधायचा. चंबूंशी बोलणं त्याने बंद केलं होतं. आणि त्या मधल्या दिवसांत प्लेग कोळीवाड्यात शिरला. ज्यांना टोचलं होतं ते बहुतेक राहिले. बाळाकाका गेला.

निरोप हिराबाईनेच आणला. सखाराम चप्पल घालून शिवडीला चालत गेला. त्याला तिथे कोणी बोल लावला नाही, उलट त्याला बसायला पाट दिला. परत येऊन तो मला म्हणाला, "कोणी शिवी दिली असती तर बरा झाला असता रे, गोविंदा."

दुसऱ्या खेपेच्या दिवशी आम्ही गेलो. उरलेले सगळे आले, टोचून झाले. एकच माणूस नाही. हिराबाई. ती मासे घेऊन पहाटेच बाहेर पडली, असं तिच्या सुनेने सांगितलं. बेहरामजींनी सुई बाजूला ठेवली आणि मला व सखारामला पाठवलं.

परळच्या नाक्यावर एका भिंतीच्या आडोशाला ती बसली होती. आम्हाला बघून तिने टोपलीवरचं फडकं उगाच सारखं केलं.

"भटजीबावा, आज हिकडं कुठं?"

"तुम्हालाच शोधत," मी म्हटलं. "डॉक्टर थांबलेत."

"मना नको. टोचल्यावर ताप येते सगल्यांना. मना ताप आला आनि कमीजास्ती झालं, तर लोक बोलतील, हिराबायला दवेनं मारलं. मग पुढच्या साली कोन घेल?"

बोलणं अगदी बिनतोड होतं. सखाराम तिच्यासमोर उकिडवा बसला.

"हिराबाय, खरा काय ता सांग."

तिने इकडेतिकडे पाहिलं. आवाज इतका खाली आला की ती हिराबाईच वाटेना. "मना सुईचं भ्या वाटतं, दादा. पयल्या खेपेला पन वाटलं. लोकांना वाटलं, हिराबाय किती मोठी. मी भ्याले होते."

मला हसू येत होतं. सखाराम हसला नाही.

"माझ्या फुलांनी बाळाकाका गेलो," तो म्हणाला. "तू बी गेलंस तर मी खंय जाव? मी तुझो हात धरतंय. मोडून टाक हवा तर."

ती उठली. टोपली मी घेतली, आणि फणसवाडीच्या भिक्षुकाचा मुलगा बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन परळातून शिवडीपर्यंत गेला. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं नाही, एवढी देवाची कृपा. टोचताना तिने सखारामचा हात असा आवळला की त्याच्या बोटांवर तिच्या बांगड्यांचे वळ उमटले. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्याने मात्र उघडे ठेवले होते.

तिला ताप आला. येणारच होता. पण इतरांचा उतरला आणि तिचा उतरेना. सकाळी फाटकात तिची हाक आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बेहरामजी रोज शिवडीला जाऊन तिला बघून येत आणि काळजी नाही म्हणत, पण म्हणताना टोपी काढून घाम पुसत. सखाराम खोलीत गेलाच नाही. सकाळपासून फाटकाच्या पायरीवर बसून रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत राहायचा. मी भाकरी नेऊन दिली तर ती तशीच पडून राहायची.

मग एका सकाळी मी आत रस गाळत असताना फाटकातून ती हाक आली. काचा थरथरल्या. मी धावत बाहेर गेलो. हिराबाई उभी होती. दंड सुजलेला, चेहरा उतरलेला, डोक्यावर टोपली.

"काय रे सखारामदादा," ती म्हणाली, "माझी वाट बगतो का मयताची? मी जिती हाय. आता पुढच्या साली आख्खा वाडा घेते की नाय ते बग."

सखाराम त्या पायरीवरच गुडघ्यांत डोकं घालून बाळाकाकाचं नाव घेत रडू लागला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता. हिराबाईने टोपली खाली उतरवली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली. त्या दिवशी ती परळात मासे विकायला गेली नाही.